कालच्या पाण्याचा अहवाल: पॅरिस, पाऊस आणि पोहण्याचा निर्णय

३० जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये कडक ऊन होतं. पारा पस्तिशीकडे झुकलेला, आकाश मोकळं. त्या सकाळी आठ वाजता ऑलिंपिकच्या पुरुष ट्रायथलॉनचे (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) स्पर्धक सीन नदीत उड्या घेणार होते. पहाटेच निरोप आला की आज शर्यत नाही, पाणी पोहण्यालायक नाही. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, पावसाने रस्ते ओले झाले होते. महिलांच्या शर्यतीत सायकली घसरल्या, काही जणी आपटल्या. आणि नेमकं त्याच दिवशी पाणी चालण्यासारखं ठरलं. आठ वाजता महिलांची आणि पावणेअकराला पुरुषांची, अशा दोन्ही शर्यती झाल्या.

उन्हात बंदी आणि पावसात परवानगी! घरी बसून टीव्ही पाहणाऱ्याला हा आयोजकांचा गोंधळ वाटला असेल तर त्यात त्याची चूक नाही. मुळात ३० तारखेचं पाणी त्या दिवशीच्या उन्हाने ठरलेलं नव्हतं. ते ठरलं होतं २६ तारखेच्या संध्याकाळी उद्घाटन सोहळ्यावर कोसळलेल्या आणि दुसऱ्या दिवशीही रेंगाळलेल्या पावसाने. ३१ तारखेच्या सकाळी पडत असलेल्या पावसाचा हिशेब नदीत अजून यायचा होता.

पावसानंतर पोहायला उतरावं की नाही, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक सार्वजनिक किनाऱ्यावर पडतो. बहुतेक ठिकाणी तो एका फळ्यावर किंवा झेंड्याच्या रंगात मिटवला जातो, आणि त्यामागे काय चाललं होतं हे कोणाला कळत नाही. सीनच्या बाबतीत मात्र सगळं जगासमोर घडलं. खर्च, तालीम, फसलेली तालीम, पहाटेच्या बैठका, सगळंच. म्हणून अभ्यासाला हे प्रकरण घेतलं आहे. ते किनाऱ्याचं नाही, नदीचं आहे. त्यामुळे पडणारा फरक पुढे येईलच.

एकाच नळात सगळं

सीनमध्ये पोहण्यावर १९२३ पासून बंदी होती. त्याआधी १९०० च्या ऑलिंपिकमधल्या पोहण्याच्या शर्यती याच नदीत झाल्या होत्या. जाक शिराक यांनी पॅरिसचे महापौर असताना आपण सीनमध्ये पोहून दाखवू असं जाहीर वचन दिलं होतं. ते राष्ट्राध्यक्षही झाले, पण पोहणं राहूनच गेलं. यात त्यांच्या इच्छाशक्तीचा प्रश्न कमी होता आणि जमिनीखालच्या नळांचा जास्त.

पॅरिसचं गटारांचं जाळं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ओस्मान यांनी शहर नव्याने बांधायला घेतलं तेव्हा, यूजेन बेलग्राँ या अभियंत्याने आखलं. त्या काळी ते जगाने पाहायला यावं असं काम होतं. पद्धत एकत्र वाहिनीची: संडासाचं, न्हाणीचं, स्वयंपाकघराचं पाणी आणि छपरा-रस्त्यांवरचं पावसाचं पाणी एकाच नळातून वाहायचं. कोरड्या दिवसांत हे सगळं शहराबाहेरच्या शुद्धीकरण केंद्रांकडे जातं आणि नदीला त्याचा त्रास होत नाही. जोराचा पाऊस आला की त्याच नळात कितीतरी पट पाणी शिरतं. केंद्राला ते पेलत नाही. नळ तुंबू दिला तर मैला तळघरांतून वर येईल. म्हणून धरणाला असतो तसा या जाळ्यालाही ठिकठिकाणी सांडवा ठेवलेला आहे. नळातली पातळी ठरावीक उंचीच्या वर गेली की जास्तीचं पाणी सांडव्यावरून थेट नदीत पडतं.

म्हणजे पावसात मैलापाणी नदीत जातं तेव्हा काही बिघडलेलं नसतं. व्यवस्था आखल्याप्रमाणे चालते आहे, म्हणूनच ते जातं. बातम्यांत ‘गटाराचं पाणी नदीत शिरलं’ असं अपघात झाल्यासारखं लिहितात, तेव्हा ही गोष्ट नजरेतून सुटते. अपघात असता तर दुरुस्ती करून भागलं असतं.

त्यात एक भर पडते. कोरड्या दिवसांत प्रवाह मंद असल्याने नळांच्या तळाशी गाळ बसत राहतो. बऱ्याच दिवसांनी पडणारा पहिला जोराचा पाऊस हा साचलेला गाळ खरवडून नेतो. त्यामुळे पाऊस किती मिलिमीटर पडला याइतकंच त्याआधी किती दिवस पडला नव्हता हेही महत्त्वाचं असतं. सलग चार दिवस पाऊस चालू असेल तर चौथ्या दिवशीच्या सांडव्याचं पाणी पहिल्या दिवसापेक्षा पुष्कळदा सौम्य असतं.

हजार म्हणजे किती

शर्यतीसाठी ई. कोलाय या जिवाणूची मर्यादा दर १०० मिलिलिटरमागे १,००० होती आणि एन्टरोकॉकाय या दुसऱ्या गटाची ४००. हे दोन्ही आतड्यांत राहणारे जिवाणू. ई. कोलायचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात, तुमच्या-माझ्या पोटात ते आत्ताही आहेत. पाण्यात ते मोजतात ते ताज्या विष्ठेचा माग म्हणून. ते जिथे आहेत तिथे नोरोव्हायरस, जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम असे खरे उपद्रवी असण्याची शक्यता असते, आणि त्या प्रत्येकाला रोज शोधत बसणं परवडत नाही. धूर पाहून आगीचा अंदाज बांधावा तसा हा प्रकार.

हजार हा आकडा मोठा वाटतो, पण तो किती नाजूक आहे ते पाहू. कच्च्या मैलापाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख ते एक कोटी ई. कोलाय असतात. एक कोटी धरले, तर दहा हजार लिटरच्या स्वच्छ पाण्याच्या टँकरमध्ये अवघं एक लिटर मैलापाणी मिसळलं की मर्यादा गाठली जाते. दहा हजारात एक! नदी कितीही भरून वाहत असली तरी सांडव्यांची तोंडं उघडल्यावर हे प्रमाण राखणं अवघड आहे, हे कळायला फार गणित लागत नाही.

आता मोजायचं कसं? पाण्याचा नमुना बारीक गाळणीतून गाळतात, किंवा विशिष्ट रसायन घातलेल्या छोट्या कप्प्यांत भरतात, आणि उबेत ठेवतात. जिवंत जिवाणू वाढतात. गाळणीवर त्यांच्या वसाहती ठिपक्यांसारख्या दिसतात, कप्प्यांमध्ये ई. कोलायच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) अतिनील प्रकाशाखाली निळसर चमक येते. मग मोजणी. जिवाणूला वाढायला वेळ लागतो आणि तो कोणाच्याही हुकमाने कमी होत नाही. लवकरात लवकर १८ ते २४ तास. युरोपात प्रमाण मानलेल्या एका पद्धतीत तर किमान ३६ तास. म्हणजे आज सकाळी हातात पडलेला अहवाल कालच्या पाण्याचा असतो. कालचं पाणी एव्हाना कित्येक किलोमीटर पुढे निघून गेलेलं असतं.

मोजणीत आणखी एक गोम आहे. मैल्यातले जिवाणू सुटे पोहत नाहीत, अनेकदा कणांना चिकटून घोळक्याने असतात. गाळणीवर असा घोळका एकच ठिपका उमटवतो. पन्नास असले तरी मोजले एक. त्यामुळे सांडव्याच्या ताज्या पाण्यात आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसण्याचा धोका असतो. आता काही ठिकाणी जिवाणूंच्या विकराची क्रिया थेट पाण्यात मोजणारी स्वयंचलित यंत्रं बसवतात. ती काही तासांत अंदाज देतात आणि पॅरिसमध्येही अशी यंत्रं वापरली गेली. पण स्पर्धेचे नियम आणि कायद्याच्या मर्यादा अजून ठिपके मोजण्यावर बेतलेल्या आहेत.

टाकी

ऑलिंपिकसाठी सुमारे १.४ अब्ज युरोंची कामं झाली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे ऑस्टरलित्झ स्थानकाजवळची भूमिगत टाकी. २ मे २०२४ ला, म्हणजे स्पर्धेच्या तीन महिने आधी, तिचं उद्घाटन झालं. व्यास ५० मीटर, खोली ३० मीटरहून जास्त, क्षमता ५०,००० घनमीटर, म्हणजे पाच कोटी लिटर. वीस ऑलिंपिक तलाव मावतील, अशी तुलना तेव्हा सगळीकडे छापून आली. पाऊस आला की सांडव्याचं पाणी नदीऐवजी या टाकीत वळवायचं आणि ओसरल्यावर सावकाश शुद्धीकरणाला पाठवायचं, ही कल्पना.

तलावांची तुलना डोळे दिपवते, पण टाकीची गाठ तलावांशी नाही, पावसाशी आहे. एक चौरस किलोमीटरवर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० घनमीटर पाणी. म्हणजे पाच चौरस किलोमीटरवर १० मिलिमीटर पाऊस पडला की तेवढं पाणी टाकी भरायला पुरतं. पॅरिस शहर साधारण १०५ चौरस किलोमीटर आहे. सगळ्या शहरावर पसरलं तर टाकीतलं पाणी अर्ध्या मिलिमीटरचा थर होईल. हा हिशेब मुद्दाम ढोबळ ठेवला आहे. सगळा पाऊस गटारात जात नाही, बराचसा नळ आणि केंद्रं पेलतात, आणि टाकीला फक्त सांडणारं पाणी सांभाळायचं असतं. तरीही प्रमाण लक्षात यावं. टाकी हलक्या आणि मध्यम सरींची काळजी मिटवते. ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या रात्रीसारखा पाऊस तिच्यासाठी जड जातो.

मला विचाराल तर टाकीपेक्षा मोलाची कामं बातमीत कमी आली. शहराच्या वरच्या अंगाला, मार्न आणि सीनच्या खोऱ्यातल्या उपनगरांत, वाहिन्या दोन आहेत: एक मैल्याची, एक पावसाची. पण हजारो घरांचा संडास चुकून पावसाच्या वाहिनीला जोडलेला होता. पावसाची वाहिनी शुद्धीकरणाकडे जात नाही, ती सरळ नदीला मिळते. म्हणजे या घरांचा मैला पाऊस असो वा नसो, रोज नदीत. हे जोड शोधायचे म्हणजे दारोदार फिरायचं, पाण्यात रंग सोडून तो कुठे निघतो ते पाहायचं, मालकाला अंगण खणायला राजी करायचं. फीत कापण्यासारखं यात काहीच नाही. तीच गोष्ट नदीवरच्या राहत्या बोटींची. त्यांनाही गटाराला जोडून घेणं भाग पाडण्यात आलं.

आणि शुद्धीकरण केंद्रं. नेहमीचं केंद्र मैल्यातला गाळ आणि सेंद्रिय भार काढतं. जिवाणू मारणं हे त्याचं मूळ काम नाही. प्रक्रिया होऊन बाहेर पडणारं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात ई. कोलाय भरपूर असतात. म्हणून पॅरिसच्या वरच्या बाजूच्या दोन केंद्रांत निर्जंतुकीकरणाची पायरी वाढवली: वालाँताँला परफॉर्मिक आम्ल आणि न्वाझी-ल-ग्राँला अतिनील किरणं. या दोन पायऱ्यांनी कोरड्या दिवसांतला आकडा खाली आणला. पावसाच्या दिवसाचा प्रश्न वेगळाच राहिला.

तालमीने दिलेला इशारा

ऑगस्ट २०२३ मध्ये रंगीत तालीम झाली. महिन्याच्या सुरुवातीला खुल्या पाण्यातल्या पोहण्याची विश्वचषक शर्यत होती. आधी जोराचा पाऊस झाला, आकडे वर गेले, शर्यत रद्द. इथपर्यंत अपेक्षितच. पंधरवड्याने ट्रायथलॉनची तालीम झाली. १७ आणि १८ तारखेला महिला आणि पुरुष पोहले, सगळं ठीक. १९ आणि २० ला मात्र आकडे बिघडले आणि पोहणं गाळून फक्त धावणं-सायकल उरलं. या वेळी दोष पावसावर ढकलता येत नव्हता. शोध घेतल्यावर गटारातल्या एका बिघडलेल्या झडपेकडे बोट गेलं.

प्रकरण अभ्यासात मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. एकाच महिन्यात दोनदा अपयश आलं आणि दोन्हींची जात वेगळी निघाली. पहिल्या वेळी पर्जन्यमापक पाहून निर्णय घेतला असता तरी बरोबर आला असता. दुसऱ्या वेळी पर्जन्यमापक गप्प होता, नमुन्यानेच वाचवलं. फक्त पावसावर विसंबलात तर झडप फसवेल. फक्त नमुन्यावर विसंबलात तर पाऊस फसवेल, कारण नमुना एक दिवस मागे चालतो. या तालमीनंतरही ट्रायथलॉनच्या पोहण्यासाठी दुसरी जागा ठरवली गेली नाही. हाती होता तो दिवस पुढे ढकलण्याचा पर्याय, आणि तेही नाही जमलं तर ट्रायथलॉनमधून पोहणंच वगळण्याचा. हा जुगार होता असं म्हणायला हरकत नाही.

२०२४ चा वसंत आणि जूनही ओला गेला. नदी उन्हाळ्यात असते त्यापेक्षा खूप भरून वाहत होती. इतकी की उद्घाटनाची बोटींवरची तालीमही जूनमध्ये पुढे ढकलावी लागली. भरलेली नदी म्हणजे जास्त पातळ झालेला मैला, असं वाटू शकतं. पण भरलेली नदी वेगाने वाहते आणि गढूळ असते. वरच्या उपनगरात सांडलेलं पाणी शहरापर्यंत लवकर पोहोचतं, वाटेत जिवाणू मरायला वेळ मिळत नाही आणि गढूळपणामुळे उन्हातले अतिनील किरण आत शिरत नाहीत. शांत, उथळ, उन्हात तापलेली नदी जिवाणूंना जास्त मारते. जूनचे बरेच नमुने मर्यादेबाहेर होते यात नवल नव्हतं.

जुलैत ऊन पडलं, प्रवाह उतरला, आकडे सुधारले. १३ जुलैला क्रीडामंत्री आमेली उदेआ-कास्तेरा आणि १७ जुलैला महापौर आन इदाल्गो सीनमध्ये पोहल्या. छायाचित्रं जगभर गेली. इदाल्गो यांचं पोहणं याआधी जूनमध्ये ठरलं होतं आणि पुढे ढकललं गेलं होतं, हे त्या छायाचित्रांत अर्थातच दिसत नव्हतं. त्यांना दिवस निवडण्याची मुभा होती. ऑलिंपिकच्या वेळापत्रकाला ती फारशी नव्हती.

२६ ते ३१ जुलै

२६ च्या संध्याकाळी पाऊस. २८ आणि २९ चा पाण्यातला सराव रद्द. २९ ला लख्ख ऊन. ३० च्या पहाटे आयोजक, जागतिक ट्रायथलॉन महासंघ आणि शहराचे अधिकारी बसले तेव्हा त्यांच्यासमोर काय होतं याची कल्पना करून पाहा. आदल्या दिवशीच्या नमुन्यांचे आकडे. पावसाच्या नोंदी. नदीचा प्रवाह. हवामानाचा अंदाज. आकडे घसरत होते, पण शर्यतीच्या मार्गावरच्या काही ठिकाणी अजून मर्यादेच्या वर होते. महासंघाच्या निवेदनात हेच म्हटलं होतं: सुधारणा आहे, पण काही जागी अजून मर्यादेबाहेर. ‘काही जागी’ हे शब्द महत्त्वाचे. अलेक्झांडर तिसऱ्या पुलाजवळच्या त्याच मार्गात एका काठाचं पाणी चालेल असं आणि दुसऱ्या काठाचं न चालणारं असू शकतं, कारण सांडव्याचं पाणी काही अंतर काठ धरूनच वाहतं, लगेच मिसळत नाही.

आकडे घसरत आहेत, ऊन आहे, पाऊस थांबून दोन दिवस झालेत. एखादा म्हणेल, आठपर्यंत पाणी सुधारलेलं असेलच, होऊ द्या शर्यत. कदाचित सुधारलं होतंही. पण ते सिद्ध करणारा कागद २४ तासांनी येणार होता. निर्णय पुढे ढकलला गेला तो त्या कागदासाठी, आणि मला तो योग्य वाटतो. ३१ ला कागद आला, आकडे मर्यादेत होते, शर्यती झाल्या. कासान्द्र बोग्राँ आणि अलेक्स यी जिंकले.

पण याच तर्काने ३१ चा निर्णय तपासला तर थोडं अवघडल्यासारखं होतं. त्या दिवशीच्या परवानगीचा आधार आदल्या दिवशीचं, कोरड्या दिवसाचं पाणी. आणि परवानगी मिळाली तेव्हा पाऊस पडत होता. आयोजकांच्या बाजूने एक गोष्ट होती: सांडवे उघडायला आणि वरच्या खोऱ्यातलं पाणी पोहोचायला वेळ लागतो, शर्यत त्याआधी उरकणार होती. नंतरच्या नमुन्यांवरून त्या दिवशीचं पाणी चांगलं होतं असं महासंघाने जाहीर केलं. म्हणजे निर्णय बरोबर ठरला. तो पाण्याच्या अहवालावरून बरोबर ठरला की सांडव्यांच्या वेळापत्रकाच्या जाणकारीवरून, हे वेगळं सांगितलं गेलं नाही. माझा कौल दुसऱ्याच्या बाजूने आहे.

ट्रायथलॉनची मिश्र रिले ५ ऑगस्टला झाली. तिच्या आधीचा सरावही पाण्यामुळे हुकला होता. १० किलोमीटर पोहण्याच्या शर्यती ८ आणि ९ ऑगस्टला पार पडल्या. पॅरालिंपिकमध्ये पुन्हा तेच. पॅराट्रायथलॉन १ आणि २ सप्टेंबर असं दोन दिवसांचं होतं. पावसाचा अंदाज पाहून सगळं १ तारखेला आणलं, मग पाऊस आधीच आला आणि सगळं २ तारखेला गेलं.

रिलेच्या आदल्या दिवशी बेल्जियमने आपला संघ मागे घेतला, कारण ट्रायथलॉन पोहलेली त्यांची एक खेळाडू आजारी पडली. काही तासांत ‘सीनमुळे ई. कोलायची बाधा’ अशी बातमी जगभर पसरली. नंतर त्या खेळाडूनेच सांगितलं की रक्ततपासणीत विषाणू निघाला, ई. कोलाय नव्हे. यावरून नदी निर्दोष सुटली असं काहींनी म्हटलं. ते तितकं सोपं नाही. मैलापाण्यातून सर्वाधिक पसरणारे आजार विषाणूंचेच असतात, आणि ई. कोलायचा आकडा हा त्यांचाच माग असतो. पण हजारो माणसं एकत्र राहतात-जेवतात तिथे विषाणू पसरायला नदीची गरज नसते हेही खरं. एका माणसाच्या आजारातून पाण्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही, ना दोष, ना निर्दोषत्व. त्यासाठी शेकडो पोहणाऱ्यांचा मागोवा घ्यावा लागतो.

किनाऱ्यावर हेच कसं दिसतं

असा मागोवा समुद्रकिनाऱ्यावर घेतला गेला आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोत २०१३-१४ आणि २०१४-१५ च्या हिवाळ्यात ६५४ सर्फरांवर लक्ष ठेवलं गेलं. समुद्रात न उतरलेल्या दिवसांमागे पोटाच्या तक्रारींचं प्रमाण हजारी १८ होतं, कोरड्या हवेत उतरल्यावर २५, पावसानंतर उतरल्यावर ३०. पावसाचा फरक खरा आहे, पण बातम्यांनी रंगवला जातो तितका भीषण नाही. हजारातले ९७० जण पावसानंतर उतरूनही पोटदुखीशिवाय परतले. म्हणूनच लोक सूचना पाळत नाहीत: प्रत्येकाचा अनुभव सांगतो की आपल्याला काही होत नाही. आणि त्या हजारात एखादं लहान मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर त्याच्यासाठी हिशेब वेगळा असतो.

दक्षिण कॅलिफोर्नियात पावसानंतर ७२ तास पाण्यात उतरू नका असा सरसकट सल्ला दिला जातो. नमुना नाही, अहवाल नाही, फक्त घड्याळ. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा आळशीपणा वाटला होता. सीनचं प्रकरण चाळल्यावर मत बदललं. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावरच्या रोजच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा मर्यादा ओलांडल्याच्या सुमारे ७० टक्के घटना एकाच दिवसापुरत्या निघाल्या. म्हणजे अहवाल येऊन फळा लागेपर्यंत बहुतेक वेळा पाणी सुधारलेलं असतं, आणि लोक घाण पाण्यात पोहलेले असतात ते फळा नसताना. घड्याळाचा नियम ढोबळ असला तरी निदान तो वेळेवर लागू होतो.

समुद्र नदीपेक्षा थोडा दयाळू आहे. खारेपणा आणि ऊन मिळून ई. कोलायला लवकर मारतात. इतकं लवकर की समुद्रात त्याचा माग म्हणून फारसा भरवसा धरवत नाही. खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारे एन्टरोकॉकाय तिथे मुख्य मानले जातात. युरोपीय नियमांतही फरक आहे: ‘उत्तम’ दर्जासाठी नदी-तलावात ई. कोलाय ५००, तर किनाऱ्यावर २५०. एन्टरोकॉकाय २०० आणि १००. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या कोष्टकात एन्टरोकॉकाय ५०० च्या वर गेले तर पोटाच्या विकाराचा धोका १० टक्क्यांहून जास्त धरला आहे. मात्र समुद्राचा हा दयाळूपणा मोकळ्या किनाऱ्यावर. दोन धक्क्यांमध्ये अडकलेला आखूड किनारा, खाडीचं तोंड, किंवा पावसाळी नाला जिथे वाळूवरून उतरतो ती जागा, इथे पाणी साचून राहतं. सांता मोनिकाच्या उपसागरात १९९५ मध्ये झालेल्या पाहणीत नाल्याच्या मुखासमोर पोहणाऱ्यांना चारशे यार्ड दूर पोहणाऱ्यांपेक्षा जास्त आजार आढळले. किनारा एकच, पण आजार अंतरावर अवलंबून.

युरोपीय नियमावलीत एक कलम आहे जे फारसं कोणी बोलून दाखवत नाही. पावसासारख्या कारणाने होणारं प्रदूषण ‘अल्पकालीन’ ठरवता येतं, आणि त्या काळात लोकांना सावध केलं असेल तर त्या दिवसांचे नमुने हंगामाच्या मोजणीतून वगळता येतात, काही मर्यादेपर्यंत: एकूण १५ टक्के किंवा हंगामात एक, यांपैकी जे जास्त असेल ते. म्हणजे ‘उत्तम’ पाटी लागलेला किनारा हा पावसाचे वाईट दिवस वगळून उत्तम असू शकतो. हे कलम वाईट आहे असं नाही. सावध करण्याची अट त्यात आहेच, आणि ती अट नसती तर बऱ्याच किनाऱ्यांनी पावसाळी दिवशी नमुना घेणंच टाळलं असतं. पण पाटी वाचणाऱ्याला हे माहीत असायला हवं. पाटी हंगामाबद्दल बोलते, तुम्ही ज्या दुपारी उतरणार त्या दुपारबद्दल नाही.

पुढचा उन्हाळा

५ जुलै २०२५ ला सीनमध्ये तीन ठिकाणी सर्वसामान्यांसाठी पोहणं खुलं झालं: बेर्सी, ब्रा मारी आणि ग्रनेल. १०२ वर्षांनी. रोज झेंड्याचा रंग ठरायचा: हिरवा, पिवळा, लाल. पहिल्या दिवशी सकाळीच लोक रांगा लावून उतरले, पोहले, पाणी अपेक्षेपेक्षा छान असल्याचं कॅमेऱ्यांसमोर सांगत बाहेर आले. त्यानंतर पाऊस आला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, लाल झेंडा.

त्या रविवारी कोणी विचारलं असेल, एवढे पैसे घालूनही एका पावसाने बंद? झेंडा लावणाऱ्यांनी मात्र नमुन्याच्या निकालाची वाट पाहिली नव्हती. तो तसाही सोमवारी आला असता.